लहानी नाव गाळायची नाय

बसा. उठायची घाई करू नका. चहाला अजून उकळी आलेली नाय, तवर माझं ऐका. आता मास्तर बोलले, "महिलांच्या वतीने हिराबाई दोन शब्द बोलतील." दोन शब्दांत माझं भागायचं नाय. आणि महिलांच्या वतीने पण नाय, मी माझ्याच वतीने बोलणार.

मगासपासून खाली बसून ऐकते मी. लहानीबाय शांत होती. लहानीबाय मायाळू होती. लहानीबायच्या जिभेवर साखर होती. अरे, एवढं गोड बोललात की त्या फोटोला मुंग्या लागतील. मेल्या म्हशीला मणभर दूध, दुसरं काय! शांत होती म्हणे. या मांडवात एक माणूस दाखवा, ज्याने तिच्या शिव्या खाल्ल्या नायत. करा हात वर. बघा, एक पण हात नाय.

आणि सगळ्यांच्या शेवटी आमचे मालक उठले. माझा नवरा, सुयोगचे बाबा. हात जोडून बोलले, "आमच्या सुयोगच्या लग्नात लहानीबाय जे धवळे गायली, ते हा गाव कधी विसरणार नाय." तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. ते लग्न कोण विसरेल हो? पण काय झालेलं ते का नाय सांगितलंत? जीभ चावली गेली का मधेच?

मग मी सांगते. का सांगते ते पण आधीच सांगून ठेवते, नायतर बोलाल म्हातारी भरकटली. माझी मुलगी कुणाली आज सकाळी भातसानगरवरून आलीय. कडेवर पोर घेऊन, लहानीच्या फोटोला फूल वाहायला. ती आता फाट्यावर एस्टीच्या शेडमध्ये बसलीय, कारण तिच्या बापाने तिला गावात येऊ द्यायचं नाय असं ठरवलंय. हे तुमाला सगळ्यांना माहीत हाय. माहीत असून इथं बसून साखर वाटताय.

डोळे वटारू नका. आज मी खाली उतरायची नाय.

नव्या सुनांना लहानी कोण ते ठाऊक नसेल. त्यांनी लग्नात फक्त डीजे बघितला. लहानी आपली धवलारीण, धवळे म्हणजे लग्नाची गाणी गाणारी. लग्न लावायला भटजी येतो तो नंतर. त्याच्या आधी हळदीला धवलारीण लागते. ना पेटी, ना ढोलकी, नुसत्या गळ्यावर देवांना मांडवात बोलावते, नवऱ्यामुलाला तेल चढवते, हळद लावते, सगळं गाण्यातून. लहानीला हे तिच्या आयशीने दिलं, आयशीला तिच्या आयशीने. नारळ आणि चोळीचा खण घ्यायची, पैशाला हात लावायची नाय. शनिवारी मारुतीच्या देवळात भजनाला पहिली हजर ती. बायकांना चाल तीच सांगायची, आणि सांगताना मांडीवर असा चिमटा काढायची की आठवडाभर काळानिळा.

एकदा भजन चालू असताना सरपंचांचा फोन वाजला. उठून बाहेर जातील असं आमाला वाटलं. ते तिथंच बोलत राहिले, रेती, डंपर, काय काय. लहानीने टाळ थांबवले. तिथूनच बोलली, "बोल रे बाबा, तुझं आधी होऊ दे. देवाला काय घाई नाय." सरपंच, तुमी आता काय बोललात भाषणात? मृदू स्वभाव! त्यानंतर वर्सभर तुमी शनिवारचं देऊळ चुकवलंत ते काय मृदू स्वभावाने?

तिचा नवरा देवजीभाऊ ते बघा, खुर्चीत बसलाय. लकवा मारला त्याला किती वर्सं झाली. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. पण कान शाबूत हायत बरं का. इतक्या जणांनी भाषणं केली, त्याच्याकडे बघून एक शब्द कोण बोललं? लहानी जिथं गायला जायची तिथं हा खुर्चीसकट जायचा. टेम्पोत खुर्ची, खुर्चीत देवजीभाऊ, आणि लहानी मागं उभी राहून त्याचा खांदा धरून. काशीच्या घरी हळद होती तेव्हा काशीच्या सासूने सांगितलं, "याला बाहेर शेडमध्ये ठेव, शुभ कामात लुळं माणूस नको." लहानीने खुर्ची उचलायला लावली, टेम्पोत घातली आणि निघाली. देव बोलवायचे राहिले, पोरगा पाटावर पिवळा होऊन बसलेला. सासू बिचारी अनवाणी धावली टेम्पोमागं. लहानी तळ्याच्या बांधापर्यंत गेली आणि मग थांबली. परत आली ती अटीवर, देवजीभाऊची खुर्ची नवऱ्यामुलाच्या पाटाला लागून. काशी, खोटं असेल तर उठून सांग. हसतेस काय!

बाळंतपणं तिनेच निभावली आपली. पोटात दुखायला लागलं की माणसं आधी लहानीच्या दारात, मग जीपवाल्याकडे. जीपमध्ये मांडीवर डोकं घेऊन बसायची आणि मुरबाडपर्यंत ड्रायव्हरला शिव्या. तुमाला वाटत असेल गोड गोड बोलायची, केसांवरून हात फिरवायची. हट्! सुयोगच्या वेळी मी ओरडत होती तर माझ्या थोबाडीत दिली तिने. "दम ठेव. ओरडून पोर येत नाय, दमाने येतं." तो राग माझ्या मनात राहिला तो राहिलाच. घरात मयत झालं की बाईमाणसाला अंघोळ घालायला पण तीच. कोणाला बोलवायला लागायचं नाय. रडण्याचा आवाज आला की हातातलं पाण्याचं भगोणं खाली ठेवून निघायची.

घरच्यांवर जीव होता तिचा, पण तो पण काट्याकुट्याचा. सून हेतल ती बघा, मागं उभी हाय. हेतलला विचारा, सासू तिला कधी शाबास बोलली का. कधीच नाय. पण हेतलचं पोटातलं पोर गेलं तेव्हा गावातल्या बायका निघाल्या सांत्वनाला. सांत्वन कसलं, कोणाची नजर लागली, काय खाल्लं, कुठं गेली होती, हे उकरायला. लहानी सूप घेऊन ओट्यावर तांदूळ निवडत बसली ती दार सोडून हललीच नाय. जी येईल तिला एकच, "झोपलीय." दिवसा झोपलीय, संध्याकाळी झोपलीय. मी पण गेली होती. मला पण बोलली, झोपलीय. आतून टीव्हीचा आवाज येत होता! इतका राग आला मला. घरी येऊन भांडी आपटली.

असली बाई होती. आता सुयोगच्या लग्नाचं.

त्याच्या आदल्या वर्सी माझी कुणाली गेली. शहापूरला कॉम्प्युटरच्या क्लासला जायची, तिथं अनिलची ओळख झाली. अनिल वरच्या पाड्यातला, भातसाच्या धरणावर नोकरीला. पोरगा निर्व्यसनी, सरळ. पण आपल्यातला नाय. लग्न केल्याचा फोन आला तसे मालक अंगणात गेले, भरलेली घागर डोक्यावर ओतून घेतली आणि बोलले, "कुणाली मेली. अंघोळी करा." सुयोगने केली. मी पण केली. जित्या पोरीच्या नावाची अंघोळ. त्या दिवसापासून घरात तिचं नाव काढायची चोरी.

आणि वर्सभराने सुयोगची हळद. आपल्यात हळदीच्या दुपारी मांडवात दोन पानं मांडतात. डावं मेलेल्यांचं, उजवं जित्यांचं. धवलारीण आधी देवांना बोलावते, मग घरातल्या मेलेल्यांना, मग जित्यांना. नाव गायलं की तांदळाची चिमूट त्याच्या पानावर. डावीकडचे तांदूळ नदीत सोडायचे, उजवीकडचे रांधून घरच्यांनी खायचे. आणि नाव गाळायचं नाय कोणाचं. गाळलं तर ते माणूस लग्नभर दाराबाहेर उभं राहतं, असं आपल्या आज्या सांगत आल्या. आजकाल कोण एवढं बघतं? लहानी बघायची.

आमी दोघं नारळ घेऊन आमंत्रण द्यायला तिच्या घरी गेलो. ती मालकांना बोलली, "राघो, पोरीचं नाव कुठं घेऊ?"

"कुठली पोर? नाव घ्यायचंच नाय."

"नाव गाळायचं मला येत नाय. मेली असेल तर डाव्या पानावर घेते, जिती असेल तर उजव्या. कुठं ते तेवढं सांग."

"मेली," मालक बोलले. "आमी अंघोळ केलीय."

लहानीने माझ्याकडे बघितलं पण नाय. "बरं," बोलली आणि नारळ घेतला.

बरं! त्याच आठवड्यात नळावर हीच लहानी मला सांगून गेलेली की कुणाली दवाखान्यात भेटली, सातवा महिना चाललाय, पायाला सूज हाय. कोणा बाईला घेऊन गेलेली ती तिथं, तेव्हा भेट झाली. म्हणजे हिला सगळं माहीत. आणि माहीत असून ही भरल्या मांडवात माझ्या दोन जीवांच्या पोरीचं नाव मेलेल्यांत गाणार, तिच्या नावाचे तांदूळ नदीत जाणार. हसू नका रे पोरांनो. तुमाला मोबाईल कळतो, हे कळत नाय. आयशीला विचारा, जित्या माणसाचे तांदूळ डाव्या पानावर टाकले तर आयशीच्या काळजाचं काय होतं.

हळदीच्या दिवशी सकाळी मी एकटी तिच्या घरी गेली. जे तोंडाला येईल ते बोलली. सटवी बोलली, काळतोंडी बोलली. ती देवजीभाऊची दाढी करत होती. वस्तरा थांबवला नाय तिने. माझं संपल्यावर बोलली, "तुझा नवरा मेली बोलतो. तू जिती बोलतेस. मी गाणारी. घरचं कोण जितं नि कोण मेलं हे घरच्यांनी ठरवायचं. पण इथं येऊन माझ्या कानात बोलू नको हिरा. मांडवात बोल."

"मांडवात मी कशी बोलू गो? चार माणसांत त्यांच्या शब्दाला शब्द दिला नाय मी आजवर."

"मग नको देऊ," ती बोलली. "डाव्या पानावर घेते."

मी रडत घरी आली. असला राग माझ्या सासूचा पण नव्हता आला मला कधी.

दुपारी मांडव भरला. चारी बाजूला पाहुणे, मालक खांबाला टेकून उभे, सुयोग पाटावर. लहानीने गायला सुरुवात केली. देव आले, गावदेवी आली, डोंगरावरचा देव आला. मग आमचे मेलेले, आजेसासरे, सासरे, सासू, मालकांचा लहानपणी वारलेला भाऊ. तांदूळ डाव्या पानावर पडत गेले. आणि तिने नाव गायलं, "कुणाली." लांबवून, चालीत, जसं सगळ्यांचं गायली तसंच. मूठ वर धरली आणि थांबली. पुढ्यात माइक. विचारलं, "कुठं टाकू?"

मालक बोलले, "डाव्या."

तिचा हात डावीकडे गेला. खरंच गेला हो. मी बघितलं, बोटं सुटायला लागली होती. आणि मग मला कळलं नाय मी कधी उठली. "लहाने, हात झडेल तुझा! सातवा महिना चाललाय माझ्या पोरीला! मेलेलीला पोट येतं का गो? मेलेलीच्या पायाला सूज येते का? जिती हाय ती, जिती हाय माझी कुणाली, आणि तू तिला नदीत सोडतेस, रांडे!"

समोर माइक होता. सगळा आवाज भोंग्यातून गेला. हायवेवरच्या ढाब्यापर्यंत ऐकू गेलं म्हणे. पुढचे महिनाभर तिथले लोक एकमेकांना विचारत होते, कुणाली कोण.

लहानीने तोंड वर केलं. भोळेपणाने बोलली, "म्हणजे उजव्या?"

"उजव्या!"

तिने उजव्या पानावर तांदूळ सोडले आणि पुढच्या नावाला लागली. सूर हलला नाय. मालक मांडवातून निघून गेले. रात्री जेवायला आले तेव्हा उजव्या पानाचा भात वाढला होता. मुकाट जेवले. मी वाढला, मी बघितलं.

लोक मला आता सांगतात, हिराबाई, तिने मुद्दाम केलं, तुला बोलतं करायला. काय माहीत! नंतर मी एकदाच विचारलं, वाटेत आडवी जाऊन. बोलली, "मला गाणं पुरं करायचं होतं." मी गप राहिली असती तर तिने तांदूळ डाव्या पानावर टाकले असते. टाकलेच असते, मी ओळखते तिला. म्हणून त्यानंतर मी तिच्याशी बोलली नाय. तिने मला नवऱ्यासमोर, व्याह्यांसमोर, सगळ्या गावासमोर बोंबलायला लावलं. त्याचा राग मला अजून हाय, आणि तो मी ठेवणार. तिची माफी मागायला मी इथं उभी नाय.

पण मालक, तुमी काय केलंत? बायकोला बोलता आलं नाय, म्हणून धवलारणीवर उठलात. दारोदार फिरलात, "लहानी घरं फोडते, तिला बोलवू नका." आणि तुमी सगळ्यांनी ऐकलंत. सरपंचांच्या घरचं लग्न, डीजे. काशीच्या नणंदेचं लग्न, डीजे. दोन वर्सं या गावात एका मांडवाने तिला नारळ दिला नाय. आणि आज बोलता धवळे विसरणार नाय! देवळातून पण काढलंत. भजनाला स्पीकर लावला आणि माइक तिच्यापासून लांब ठेवला. ती गात होती आणि ऐकू दुसऱ्याच बायका येत होत्या. त्या बायकांना चाल तरी येते का? येडं कुठलं!

तरी ती मयताला यायची. लग्नाला आमंत्रण लागतं, मयताला नाय. तुमच्यातल्या ज्याने तिला लग्नाला बोलवलं नाय, त्याच्याच आईला तिने अंघोळ घातली. दाराशी आली की तुमीच खाली बघायचा. घरी ती देवजीभाऊला गाऊन दाखवायची, दिवसाढवळ्या, भाकऱ्या थापता थापता. वाटेने जाताना मला ऐकू यायचं. मी पाय उचलून चालायची, ऐकायला नको म्हणून.

वारली ती पण भांडत. तिचा मुलगा विपुल, हेतलचा नवरा, आसनगावच्या कंपनीतून घरी आला होता, त्याचा पोटावरचा घेर वाढलाय म्हणून त्याला झापत होती आणि तशीच ओट्यावर कलंडली. अंघोळ कोण घालणार? इतकी वर्सं सगळ्यांना घातली तिने, पण शिकवलं कोणाला नाय. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मी उठली. हेतल पाणी देत होती आणि मी अंघोळ घालता घालता तिच्याशी भांडत होती. हेतल साक्ष हाय. बोलली मी, मेलीस ती मेलीस, माझी पोरगी अर्धी आत आणि अर्धी बाहेर सोडून मेलीस. तांदूळ उजव्या पानावर टाकलेस आणि तिला आत आणायला कोण हाय गो आता?

कोण नाय. ते मला तेव्हाच कळलं.

आता शेवटचं, मग चहा घ्या. मालक, खाली बघू नका, इकडे बघा. कुणालीच्या नावाचे तांदूळ उजव्या पानावर पडले आणि तो भात तुमी जेवलात. तुमाला अजून बोलायचं हाय की ती मेली? बरं, मेली. मग फाट्यावर मोटरसायकली आडव्या लावून दोन माणसं कशाला उभी केलीत? मेलेल्या माणसाला अडवायला माणसं लागतात का? आजवर कोणाच्या मेलेल्याला या गावाने वेशीवर अडवलंय ते सांगा. तुमालाच ठाऊक हाय ती जिती हाय. म्हणून तर भिताय.

घ्या हा माइक. मी फाट्यावर चालली. तिला घेऊन याच रस्त्याने येणार, पोर माझ्या कडेवर असेल. ज्याला अडवायचं असेल त्याने आधी घरी जाऊन माझ्या नावाची अंघोळ करून यावं.